काचेच्या आतल्या बाजूला

औषधांच्या कारखान्यात तिला सगळे 'घार' म्हणत. हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. ती नवीन लागली होती तेव्हाची गोष्ट. जुन्या बायांनी पास केलेल्या ट्रेमधून तिने इंजेक्शनची एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "यात काहीतरी आहे." सगळ्यांनी डोळे ताणून पाहिलं, कुणालाच काही दिसेना. शेवटी सुपरवायझरने भिंग आणलं, तेव्हा तळाशी काचेचा कण निघाला, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढा. अख्खा ट्रे पुन्हा तपासावा लागला, सगळ्यांना घरी सुटायला उशीर झाला, आणि कुणीतरी दात-ओठ खात म्हणालं, "आली मोठी घार!" ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

तिचं काम बघणाऱ्याला सोपं वाटे. टेबलावर एक उघडी पेटी, वर पांढरी ट्यूब, मागे अर्धी काळी आणि अर्धी पांढरी पाटी. बाटली मानेशी धरायची, हलकी गिरकी द्यायची आणि थांबवायची. बाटली थांबते, पण आतलं पाणी फिरत राहतं, आणि पाण्यात जे लपलेलं असेल तेही फिरतं. धागा, काच, पांढरी कुसळं काळ्या पाटीसमोर दिसतात आणि काळे कण पांढरीसमोर. दिसलं की बाटली लाल ट्रेमध्ये टाकायची. ते काय आहे, कुठून आलं, कुणाचं आहे, हे विचारायचं काम तिचं नव्हतं. दिसलं की बाद.

ही सवय घरापर्यंत आली होती. पाणी पिण्याआधी तिचा हात आपोआप पेल्याला गिरकी द्यायचा. धाकटा भाऊ ते बघून हसायचा. "ताई, पाणी आहे ते, आरोपी नाही. सोड त्याला!"

धाकट्याचं कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याला बाहेर उभं राहावं लागेल एवढी टपरी. पण मेलेल्या वस्तूंचा त्याच्याकडे खजिना होता. बंद पडलेले सीडी प्लेअर, तुटके कॅमेरे, डब्बा भरून स्क्रू. लोक टाकून द्यायचे आणि हा उचलून आणायचा. आई म्हणायची, "भंगारवाल्याचं अख्खं गोदाम दिलं तरी याला कमी पडेल."

एका रविवारी दुपारी त्याने सीडी प्लेअरमधून मसुराच्या डाळीएवढी काच काढली, केसांच्या पिनेत अडकवली आणि चिकटपट्टीने तिच्या फोनच्या कॅमेऱ्यावर बसवली. "घे. तुझे हे डोळे फक्त कंपनीलाच द्यायचे का?"

तिने टेबलावर सांडलेल्या मिठावर फोन धरला. आधी सगळं धूसर दिसलं. मग श्वास रोखून फोन केसभर खाली नेला आणि एकदम स्क्रीनवर काचेच्या पेट्या उभ्या राहिल्या. काही फुटक्या, काही एकमेकांवर कलंडलेल्या, एकीच्या पोटात पाण्याचा बुडबुडा अडकलेला. कारखान्यात कण म्हणजे गुन्हेगार. इथे कणाला राजवाड्यासारखं रूप होतं, आणि त्याला बाद करायला कुणी सांगत नव्हतं.

त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. साखर, माशीचा पंख, आईच्या स्वेटरचा धागा, साबणाचा फेस. मोठा कॅमेरा आणि मोठी लेन्स घेण्याची ऐपत नव्हती, आणि धाकट्याच्या मते गरजही नव्हती. त्याने कुणाचातरी जुना कॅमेरा दुरुस्त करून आणला. भंगारातली एक जुनी लेन्स मिळाली, जिच्यावरची कडी फिरवून उजेड आत सोडणारी झडप लहान-मोठी करता येई. ती लेन्स तो उलटी बसवणार होता.

"उलटी?"

"उलटी. सरळ लावली की दूरचं जवळ आणते. उलटी लावली की जवळचंच इतकं जवळ आणते की तुला घाम फुटेल."

उलटी लेन्स कॅमेऱ्याला जोडायला कडी लागते, आणि ती त्याच्याकडे होती, पण लेन्सच्या मापाची नव्हती. म्हणून त्याने डिंकाचा मार्ग काढला. कडीला दोन नळ्यांमधून काढून कालवलेला चिकट मसाला लावला आणि लेन्सच्या तोंडावर दाबून धरली. दाबताना त्याचा अंगठा घसरला आणि थेट काचेवर टेकला.

"अरे, अंगठा! काचेवर ठसा उमटला बघ. पूस आधी."

"मसाला ओला आहे गं ताई. आत्ता पुसायला गेलो तर कडी हलेल. वाळल्यावर पुसू."

"मला दिसतोय तो."

"तुला काय, तुला हवेतला जंतूही दिसेल. ही बाजू कॅमेऱ्याच्या आत जाणार आहे. कुणाला दिसणार आहे?"

मसाला वाळला. आणि वाळल्याबरोबर दोघांना इतकी घाई झाली की लेन्स तशीच कॅमेऱ्यात फिरवून बसवली. धाकट्याने जुन्या ड्रॉवरची सरकती पट्टी काढून तिच्यावर कॅमेरा बसवला, म्हणजे तो केसाकेसाने पुढे-मागे सरकवता येईल. फ्लॅशवर पुठ्ठ्याची नळी, नळीच्या तोंडाशी पातळ बटर पेपरचा तुकडा, म्हणजे उजेड मऊ पडेल. पहिला फोटो मेलेल्या पतंगाच्या पंखाचा होता. कौलं घालावीत तसे एकावर एक खवले. आईला टीव्हीवर मोठा करून दाखवला, कारण तिची नजर अधू होत चालली होती. आई म्हणाली, "एवढी कलाकुसर? आणि मी याला झाडूने मारलं!"

ठसा पुसायचा राहून गेला. नंतर तिने लेन्स कधी काढलीच नाही. दुसऱ्या कुणी काढली असती, सहज म्हणून, फुंकर मारायला म्हणून. पण तिचा सगळा जन्म कणांशी वैर करण्यात गेलेला. कॅमेरा उघडला की धूळ आत जाणार, हे तिच्या हाडीमासी भिनलं होतं. तिने तो बंद ठेवला.

पुढे धाकट्याला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस दुकानात बसला, मग उठेना. दवाखान्यात त्याच्या उशाशी सलाईनची बाटली लावली, तेव्हा तिने सवयीने मान वाकडी करून ती उजेडात पाहिली. स्वच्छ होती. काही दोष नव्हता. तरी तो गेला.

टपरी दुसऱ्याने घेतली. भंगार भंगारवाल्याने नेलं. घरात ती आणि आई उरली, आणि खिडकीजवळच्या टेबलावर ड्रॉवरच्या पट्टीवर बसलेला कॅमेरा.

काही महिने तिने त्याला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी कामावरून आल्यावर ती टेबलाशी बसली आणि सुकलेल्या पानाची शीर टिपू लागली. हातांना काम हवं होतं. फोटो संगणकावर उघडला तर डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, एक राखाडी धूसर डाग. झडप बारीक केली की दिसे, मोठी केली की विरघळून जाई. पण जवळच्या फोटोला झडप बारीक करावीच लागते, नाहीतर पंखाचं एक टोक स्पष्ट आणि बाकी सगळं धुकं. डाग कसला याचा तिने विचारच केला नाही. दिसला, बाद केला. संगणकावर खोडरबरासारखं एक हत्यार असतं, ते फिरवलं की आजूबाजूचा रंग येऊन डाग झाकून टाकतो. प्रत्येक फोटो उघडला की आधी कोपरा साफ, मग बाकीचं. हात इतका सरावला की डोळ्यांना कळायच्या आत डाग गेलेला असे.

एकदा घाईत ती ते विसरली. आईने टीव्ही लावायला सांगितला होता, तिने कामावरून आल्या-आल्या तसाच फोटो लावला. मेलेल्या मधमाशीचा पाय होता, केसाळ, परागाचे कण चिकटलेला. आई टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली होती. पाय तिने पाहिलाच नाही.

"हे कोण उभं आहे?"

"कुठे?"

"इथे, वर. धुक्यात उभं राहावं तसं. लांब आहे."

"डाग आहे आई. लेन्सचा असेल."

आईने खुर्ची आणखी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज पुसू नकोस. तसाच दाखव." आणि त्यानंतर रोज. पाहता-पाहता एका संध्याकाळी म्हणाली, "जवळ आलाय."

"आई, काहीतरीच काय!"

"मला कमी दिसतं, पण आंधळी नाही मी. परवा लांब होता. आज जवळ आहे."

तिने आईला झोपायला पाठवलं आणि जुने फोटो काढले. मूळचे, न पुसलेले, सगळे संगणकात होते. एकापुढे एक लावले. पानाची शीर, साखर, मुंगीचं डोकं, मधमाशीचा पाय. आई खरं बोलत होती. डाग वाढत होता. पहिल्या फोटोत तो नखाएवढा, कडा गोल. नंतरच्यांत कडांना फांद्या फुटलेल्या, बारीक, पसरणाऱ्या, कुणी हात पुढे करत यावं तशा.

त्यानंतरचे दिवस घरात वेगळेच गेले. आईने बाहेर जाणं सोडलं. शेजारच्या बाई बोलवायला आल्या तर म्हणाली, "नको, घरी कुणीतरी हवं." दाराची कडी काढून ठेवू लागली. लेक कामावरून आली की दार नुसतं लोटलेलं असे, आणि आत टीव्हीसमोर आई. "आधी फोटो काढ, मग हात-पाय धू." जेवण अर्धं टाकून आई स्क्रीनकडे बघत बसायची आणि मोजमाप करावं तसं बोलायची. "आज खांदा दिसतोय. आज मान वळवली त्याने."

आईला थांबवायला हवं हे तिला कळत होतं. पण थांबवणार कोण? कारण घरी परतताना जिन्यात तिचीही पावलं जड व्हायची. दार लोटलेलं दिसलं की आत दोघंजण बोलत असतील असं वाटायचं. कॅमेऱ्याच्या काळ्या पोटात काहीतरी आहे, ते बंद आहे आणि वाढतंय, हे ठाऊक असून ती त्याच्यापासून हातभर अंतरावर जेवत होती. फोटो काढताना ती डोळा लावायची, तेव्हा पलीकडूनही कुणीतरी डोळा लावलाय असं वाटायचं.

कारखान्यातली लॅबवाली तिची एकुलती एक मैत्रीण. ही बाई बशांमध्ये जंतू वाढवायची आणि त्यांच्याबद्दल सासरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. डबा खाताना तिने घारीचा चेहरा पाहिला.

"काय गं, तोंड का असं? घारीला साप दिसला की काय?"

तिने फोन पुढे केला. सगळे डाग ओळीने लावलेले होते. लॅबवालीने घास हातात धरूनच पाहिलं.

"अगं, ही माझीच मंडळी! बुरशी आहे. लेन्सच्या काचेवर धरलीये. बंद, अंधारी, दमट जागा आणि खायला काहीतरी, एवढं मिळालं की ही बया संसार थाटते."

"काचेवर काय खाणार?"

"काच नाही खात आधी. बोटाचं तेल खाते. कुणीतरी बोट टेकवलं असेल बघ. त्या तेलावर धरते, त्याच्याच रेघांवरून पसरते. फार दिवस झाले असतील तर मग काचेवर चढवलेला पातळ थरही कुरतडते, ते मग कधीच जात नाही. लवकर पूस. बाकीच्या काचांनाही लागेल." मग ती थांबली. "घारे? अगं, डबा सांडेल."

मग रविवार आला. तिने दुपारी, लख्ख उजेडात, कॅमेऱ्यातून लेन्स फिरवून काढली. आई खुर्चीतून बघत होती. लेन्सची आतली बाजू तिने खिडकीकडे तिरकी धरली. काचेच्या एका अंगाला पांढरट जाळं होतं, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. नुसत्या डोळ्यांनी, तिच्यासुद्धा, त्याहून जास्त दिसेना.

मग तिने फोनवर पिनेतली ती डाळीएवढी काच चढवली, टॉर्च बाजूने आडवा लावला आणि श्वास रोखून फोन खाली नेला. धूसर, धूसर, आणि मग दिसलं. नांगरलेल्या शेतासारख्या वळणाऱ्या रेघा. मधोमध भोवरा. आणि त्या रेघांवरून, अगदी रेघ न सोडता, चाललेले पांढरे तंतू. शेताच्या मधून एक आडवी दरी गेली होती, जिथे रेघा तुटून पुन्हा सुरू होत होत्या.

तिने तो फोटो टीव्हीवर लावला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

आई पुढे सरकली. अगदी स्क्रीनला नाक लागेल इतकी. तिने बोटाने ती दरी चाचपली.

"पत्र्याचा डबा उघडताना कापलं होतं," आई म्हणाली. "शाळेत जायच्या आधी. केवढा रडला होता. अंगठ्यावर आडवा व्रण राहिला." मग तिने मान वळवली. "हे त्याचं आहे."

"हो आई. लेन्स बसवताना टेकला होता. पुसायचा राहिला."

"आणि हे पांढरं?"

ती टॉर्च बंद करू लागली. आईने पुन्हा विचारलं, आता आवाज वेगळा होता. "हे पांढरं काय आहे पोरी? जे वाढत होतं ते हे ना?"

"बुरशी आहे. बोटाचं तेल लागलं होतं काचेला, ते खाते."

रस्त्यावरून कुणाचीतरी सायकल गेली. लोटलेलं दार वाऱ्याने थोडं हललं.

"म्हणजे तो येत नव्हता," आई म्हणाली.

"नाही."

"हे त्याला खात होतं. आणि मी बसून बघत होते. खुर्ची ओढून बघत होते गं मी!"

"आई, तुला काय माहीत..."

"पूस."

"आई, त्याचं असं दुसरं काही उरलं नाही आपल्याकडे. कपडे दिले, दुकान दिलं. हे पुसलं तर..."

"पूस म्हणते ना! माझ्या लेकराला खायचं नाही कुणी. आधी ते दार लाव, धूळ येते."

तिने दार लावलं. मऊ फडकं आणलं, स्पिरिटची बाटली आणली. लेन्स हातात घेतली. सगळ्या आयुष्यात तिने इतके डाग बाद केले होते की ते धान्यासारखे पोत्यांत भरता आले असते, पण आता तिचा हात हलेना. फडकं काचेपासून बोटभर वर थांबलं.

आईने लेन्स काढून घेतली. चष्मा पुसताना करतात तशी तिने काचेवर तोंडाने वाफ सोडली.

वाफ पसरली आणि त्या वाफेत अख्खा अंगठा उमटला. बुरशीने खाल्लेला भागसुद्धा, सगळा. भोवरा, रेघा, आडवा व्रण. जिवंत माणसाने आत्ताच बोट उचलावं तसा. कडेकडेने वाफ आटत आली, अंगठा लहान होत गेला, गेला.

आईने पुन्हा वाफ सोडली. पुन्हा तो आला. पुन्हा गेला.

"आई, पुरे."

"थांब गं. एकदा."

ती एकदा-एकदा करत राहिली. श्वास पुरेनासा झाला, छाती भरून आली, तरी वाकून काचेवर हळूच वाफ सोडायची आणि तो जाईपर्यंत बघायची, जणू तिचा श्वास घेऊनच तो येत होता. खिडकीतला उजेड सरकून भिंतीवर गेला. मग आईने फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, मधून कडेकडे, नीट, सावकाश पुसून काढलं. लेन्स लेकीच्या हातात दिली.

"बसव. एक फोटो काढ. बघू दे मला."

"कशाचा?"

आईने आपला अंगठा टेबलावर ठेवला.

तिने लेन्स फिरवून बसवली. कॅमेरा ड्रॉवरच्या पट्टीवर केसाकेसाने पुढे नेला. आईच्या अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, भेगाळलेल्या, पण भोवरा तसाच, त्याच बाजूला वळलेला. फ्लॅश चमकला. आईने हात झटकून मागे घेतला आणि उठली. "तू लाव टीव्हीवर. मी चहा टाकते." कित्येक आठवड्यांनी ती आपणहून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला.

टीव्हीवर आईचा अंगठा भरून उरला. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात तो होता.

पांढरे तंतू गेले होते. फांद्या गेल्या होत्या. पण काचेवरचा थर कुरतडला गेला होता, त्यांच्या वाटा तिथे कायमच्या कोरल्या गेल्या होत्या, आणि त्या वाटा रेघांवरून गेल्या होत्या. फिकट, आधीहून फिकट. ज्या बुरशीने खाल्लं तिनेच आकार जपून ठेवला होता. आता तो वाढणार नव्हता, जवळ येणार नव्हता. जाणारही नव्हता.

आतून आईचा आवाज आला. "काय गं? आहे का काही?"

आईच्या आवाजात कित्येक आठवड्यांनी काहीतरी सैल झालं होतं.

"नाही आई. स्वच्छ आहे."

"बरं झालं." कप ठेवल्याचा आवाज. "मग बंद कर तो टीव्ही. ये, चहा घे."

"आले."

ती उठली, टीव्हीपर्यंत गेली. इतक्या जवळून तो डाग तिच्या चेहऱ्याएवढा होता. आतून पुन्हा हाक आली, या वेळी थोडी चिडकी, नेहमीची. "निवतोय गं!"

"आले म्हटलं ना," ती म्हणाली, आणि हात बटणावर ठेवून तशीच उभी राहिली.